जालना रोडचा ट्रॅफिक येतो कुठून?

(एका व्याख्यानमालेत शहर नियोजनावर दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचं, मधलं ठिकाण कोणतं? जुन्या माणसाला विचारा, तो गुलमंडी सांगेल. त्याच्या मुलाला विचारा, तो निराला बाजार किंवा क्रांती चौक म्हणेल. नातवाला विचारलंत तर कॅनॉट, नाहीतर थेट प्रोझोन मॉल. तीन पिढ्यांत शहराचं पोट पूर्वेकडं सरकलंय. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली ती खाम नदीच्या काठी. आज सगळ्यांची धावपळ चालते ती तिथून बरीच लांब, विमानतळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर.

हे ठरवून झालेलं नाही. सिडको, म्हणजे शहरं वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० मध्ये स्थापन झाली आणि पुढं इथं एन-एक, एन-दोन अशा वसाहती उभ्या राहिल्या. १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं, १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पूर्वेला चिकलठाणा, त्याच्या पुढं शेंद्रा, पश्चिमेला वाळूज. कारखाने दोन टोकांना, घरं मध्ये, आणि या सगळ्यांना ओवणारा रस्ता एकच. तो जालन्याला जायचा म्हणून जालना रोड. त्याला कुणी कधी शहराचं केंद्र म्हणून आखलं नव्हतं. तो बिचारा गावाबाहेरचा रस्ता होता, केंद्र त्याच्या अंगावर येऊन बसलं.

आता ‘ऑफिस’ म्हटलं की पुण्या-हैदराबादच्या काचेच्या इमारती डोळ्यापुढं येतात. आपल्याकडं चित्र वेगळं आहे. जालना रोडवर सेव्हन हिल्सपासून एपीआय कॉर्नरपर्यंत बघत चला. वकिलांची चेंबर्स, सीएंची ऑफिसं, बँका, विमा कंपन्या, बिल्डरांची ऑफिसं, दवाखाने, कोचिंग क्लासेस. चिकलठाणा एमआयडीसीत सॉफ्टवेअरवाले आहेत, पण गर्दी खरी या बाकीच्यांची. आणि एक लक्षात घ्या, आयटी कंपनीत सकाळी शंभर माणसं शिरली की संध्याकाळी तीच शंभर बाहेर पडतात. दवाखान्याचं, क्लासचं, वकिलाचं तसं नसतं. तिथं दिवसभर माणसं बदलत राहतात. एकाच गाळ्यात दिवसाकाठी कितीदा गाड्या लागतात आणि निघतात, हे नकाशावर दिसत नाही.

रस्त्यांच्या मांडणीचं थोडक्यात सांगतो. जालना रोडच्या दक्षिणेला रेल्वे, जवळजवळ समांतर. तिच्या पलीकडं सातारा-देवळाई आणि बीड बायपास. रूळ ओलांडायच्या जागा मोजक्या: संग्रामनगरचा पूल, शिवाजीनगर, मुकुंदवाडी. सिडकोच्या वसाहतींतले रस्ते आतल्या आत चांगले आहेत, पण एका वसाहतीतून दुसरीत जायचं म्हटलं की बहुतेकदा मोठ्या रस्त्यावर यावंच लागतं. म्हणजे दोन किलोमीटर जाणारा माणूस आणि जालन्याहून वाळूजला चाललेला ट्रक, दोघं एकाच सिग्नलला उभे. उड्डाणपूल झाले, क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको. प्रत्येकानं आपल्या चौकापुरती सुटका केली आणि गर्दी पुढच्या चौकाला नेऊन सोडली. पुलांना माझा विरोध नाही. पण पुलाखालच्या सर्व्हिस रोडवर उभं राहून बघा, दवाखान्याच्या गेटसमोर गाडी वळवायला किती वेळ लागतो ते. त्या गेटवर पुलाचा काडीचा उपयोग नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ट्रॅफिक रस्त्यावर तयार होत नाही. तो बांधकाम परवानगीच्या टेबलावर तयार होतो आणि इमारत पूर्ण झाल्यावर रस्त्यावर येतो.

हिशेब करू. ऑफिसात एका माणसाला बसायला आठ ते दहा चौरस मीटर जागा लागते. टेबल, खुर्ची, येण्याजाण्याची वाट, सगळं धरून. त्याची मोटार लावायला? नुसती मोटार बारा चौरस मीटर. पण ती आत यायची, वळायची, रॅम्प उतरायची, म्हणून धरावे लागतात पंचवीस ते तीस. म्हणजे साहेबांपेक्षा साहेबांच्या गाडीला तिप्पट जागा. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली, तीत किती बांधकामाला किती पार्किंग ठेवायचं याचे तक्ते आहेत. आर्किटेक्ट ते पाठ म्हणून दाखवतात. बसथांबा किती पावलांवर हवा, याचा असा तक्ता कुणी पाठ केलेला मला अजून भेटला नाही.

पुढं चला. समजा एका इमारतीत हजार माणसं काम करतात आणि त्यांतली तीनशे मोटारीनं येतात. संध्याकाळी सहा ते साडेसहा या वेळात तीनशे मोटारी गेटबाहेर पडणार. एका लेनमधून सिग्नल सतत हिरवा राहिला तर तासाला साधारण अठराशे मोटारी जातात, तेही शिस्तीत, मध्ये कुणी रिक्षा थांबवली नाही तर. सिग्नल निम्मा वेळ हिरवा धरला तर तासाला नऊशे, अर्ध्या तासाला साडेचारशे. म्हणजे एका इमारतीनं एका लेनचा दोन तृतीयांश भाग खाल्ला. शेजारी तशीच दुसरी इमारत आली की लेन संपली. तिसऱ्या इमारतीचं भूमिपूजन झालेलं असतं. आणि परवानगी देताना या तिन्ही फाइली वेगवेगळ्या बघितल्या जातात! प्रत्येक फाइल नियमात बसते. रस्ता मात्र तिघींना एकच.

म्हणून जास्त पार्किंग दिलं की प्रश्न सुटतो, हे मला पटत नाही. तळघरात तीनशे गाड्यांची सोय केली म्हणजे तीनशे गाड्यांना रोजचं आमंत्रण दिलं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट लिहिलंय की हलवायची आहेत माणसं, वाहनं नव्हेत. धोरण चांगलं आहे, कपाटात आहे.

अमेरिकेतल्या एका उपनगराचं उदाहरण देतो, कारण तुमच्यातल्या काहींची लेकरं तिकडंच आहेत. सिएटलच्या पूर्वेला, लेक वॉशिंग्टनच्या पलीकडं बेलव्यू नावाचं गाव आहे. १९५३ मध्ये ते नगर झालं तेव्हा लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास. २०२० च्या जनगणनेत दीड लाखाच्या वर. दुकानं आणि त्यांच्याभोवती पार्किंगची मैदानं, असं ते गाव. रस्त्यांचे चौकोन प्रचंड, एकेक बाजू सहाशे फूट, म्हणजे आतून जायला रस्ते कमी आणि सगळी वाहनं मोठ्या रस्त्यावर. ओळखीचं वाटतंय ना? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ठरवलं की ऑफिसं गावभर पसरू द्यायची नाहीत, एका ठिकाणी उंच बांधू द्यायची, पण पार्किंगला वरूनही मर्यादा घालायची. कमीत कमी इतकं आणि जास्तीत जास्त इतकं. तिथंच मध्यभागी बसचं मोठं केंद्र केलं. वॉशिंग्टन राज्यानं १९९१ मध्ये कायदा केला, ज्या ठिकाणी सकाळच्या गर्दीच्या वेळी शंभर किंवा जास्त कर्मचारी येतात, तिथल्या मालकानं त्यांचं एकेकट्यानं गाडीतून येणं कमी करायची योजना द्यायची. रेल्वेचं म्हणाल तर २००८ मध्ये मतदान होऊन मंजुरी मिळाली आणि गाडी धावली एप्रिल २०२४ मध्ये, तीही सुरुवातीला पूर्वेकडच्या उपनगरांपुरती. मधली सोळा वर्षं बस होत्या. त्याआधीची कित्येक वर्षंही बसच होत्या. तिथं ट्रॅफिक जॅम होत नाही असं समजू नका, भरपूर होतो. पण रूळ येईपर्यंत त्यांनी हातावर हात ठेवले नाहीत, एवढंच मला सांगायचंय. आपल्याकडं शेंद्रा ते वाळूज मेट्रो आणि दुमजली पुलाची चर्चा आहे. व्हायची तेव्हा होईल. केंद्राचं २०१७ चं मेट्रो धोरणसुद्धा सांगतं की आधी बाकीचे पर्याय तपासा.

आणि गंमत म्हणजे मालकानं माणसं आणायची, हा कायदा आपल्याकडं नसताना आपण तो पाळतो. कुठं? वाळूजला! पहाटे सिडकोच्या कोपऱ्यावर उभे राहा. डबा, ओळखपत्र, पायात सेफ्टी शूज, कानाला मफलर. कंपनीची बस येते, थांबा ठरलेला, वेळ ठरलेली. बस कुणासाठी थांबत नाही म्हणून माणूस पाच मिनिटं आधी हजर. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, वर्षानुवर्षं हे चाललंय आणि त्यातून किती मोटारसायकली रस्त्यावर आल्याच नाहीत याचं श्रेय कुणी घेत नाही. कारखान्यातला कामगार बसनं जातो. जालना रोडच्या ऑफिसातला कारकून मात्र स्वतःच्या दुचाकीवर, कारण त्याच्या मालकाकडं माणसं पंधराच. पंधरा माणसांसाठी कोण बस लावणार? पण एका इमारतीत असे साठ गाळे असतील तर झाली की नऊशे माणसं. सोसायटी मेंटेनन्स गोळा करते, लिफ्टचे पैसे गोळा करते. बसचे का नाही?

शहर बसबद्दल बोलतो. २०१९ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या बस सुरू झाल्या. बस चांगल्या आहेत. पण प्रवासी बसचा रंग बघत नाही, दोन बसमधलं अंतर बघतो. दहा मिनिटांनी बस असेल तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं, वेळापत्रक पाठ करायची गरज नाही. चाळीस मिनिटांनी असेल तर माणूस आधी मोबाइल बघतो, मग रस्त्याकडं बघतो, आणि तेवढ्यात रिक्षावाला ओरडतो, “सिडको, सिडको, मुकुंदवाडी! एकच सीट!” मागं तीन बसलेले असतात, चौथा पुढं अर्ध्या सीटवर. ती रिक्षा नेमकी सिग्नलच्या अलीकडं डाव्या लेनमध्ये उभी असते आणि डावीकडं वळणारे सगळे मागं हॉर्न वाजवत बसतात. शिव्या रिक्षावाल्याला मिळतात. मला तो या रस्त्यावरचा सगळ्यात हुशार वाहतूक नियोजक वाटतो. माणसं कुठं उभी असतात हे त्याला बरोबर कळलंय. जिथं तो थांबतो तिथं चौकापासून थोडं पुढं, फुटपाथ आत घेऊन, बस आणि रिक्षा दोघांसाठी जागा करा. त्याला निविदा फार मोठी लागत नाही, कदाचित म्हणूनच होत नाही.

अजून एक माणूस हिशेबात धरलेला नाही. खंडपीठाकडं सगळा मराठवाडा येतोच, शिवाय अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबारही येतात. परभणीहून, अंबाजोगाईहून तारखेला आलेला माणूस एसटीतून सिडको बसस्थानकावर उतरतो. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. त्याच्याकडं इथं ना मोटार ना मोटारसायकल. उच्च न्यायालय तिथून चालत जाण्याजोगं. पण चालणार कुठून? फुटपाथवर विजेची डीपी, टपरी, मग लावलेल्या दुचाक्या, मग फुटपाथच संपतो. तो रस्त्यावर उतरतो आणि मग आपण म्हणतो, पादचाऱ्यांना शिस्त नाही. या माणसाला वकिलाच्या इमारतीतल्या तळघराच्या पार्किंगचा काय फायदा? त्या इमारतीकडून पार्किंगऐवजी तिच्यासमोरचा सलग फुटपाथ आणि थांबा मागून घेतला असता तर?

दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली ऑरिकबद्दल, म्हणजे शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक शहराबद्दल. शेंद्रा आणि बिडकीन मिळून साधारण दहा हजार एकर, ऑरिक हॉलचं उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झालं. तिथं रस्ते रुंद आहेत, जागा मोकळी आहे. मोकळी आहे तोवरच बस सुरू करा, रिकामी धावली तरी चालेल. माणसानं गाडीचा हप्ता सुरू केल्यावर त्याला बसमध्ये बसवणं फार अवघड असतं.

दुसरी चिठ्ठी एका बांधकाम व्यावसायिकाची आहे. लिहितात, ‘पार्किंग कमी दाखवलं तर गाळा विकला जात नाही, तुम्ही भाषण करून मोकळे.’ बरोबर आहे. पण साहेब, तुम्ही पार्किंग गाळ्याच्या किमतीत घालून देता, मग घेणारा कशाला नको म्हणेल? उघडं पार्किंग विकता येत नाही हा रेराचा, म्हणजे बांधकाम व्यवसायाच्या नियमन कायद्याचा, नियम तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहे. मी झाकलेल्या जागेबद्दल बोलतोय. पुढच्या इमारतीत गाळ्याची किंमत वेगळी लावा आणि झाकलेली जागा महिन्याच्या भाड्यानं द्या. वर्षभर चालवा. किती जणांनी घेतली, किती रिकामी राहिली, ते वहीत लिहून ठेवा आणि ती वही घेऊन नगररचना विभागात जा. कमी पार्किंगची सवलत मागायला त्याहून चांगला कागद तुम्हाला मिळणार नाही. मी येईन तुमच्याबरोबर.