खुराडे, पायमशीन आणि गोधडी
(लघु माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : पौषातील पहाट. मखमलाबाद शिवारातील मळ्याची वाट, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा.)

पंचवटी मागे टाकून मखमलाबादच्या रस्त्याला लागले की इमारतींच्या रांगा विरळ होत जातात आणि त्यांच्या मधूनमधून मळे दिसू लागतात. गावठाणात न राहता आपल्या जमिनीतच घर बांधून राहण्याची पद्धत नाशिकच्या परिसरात जुनी आहे, आणि म्हणूनच शहर अगदी कुंपणापर्यंत येऊन पोहोचले असले तरी इथल्या पुष्कळ घरांना अजून अंगण आहे, परस आहे, आणि परसात कोंबड्यांचे खुराडे आहे.

आपण ज्या घरी आलो आहोत तिथे आजी-आजोबा, त्यांचा मुलगा आणि सून, आठवीत शिकणारी नात आणि तिचा धाकटा भाऊ अशी सहा माणसे राहतात. मुलगा सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने कामाला जातो आणि द्राक्षबागेची देखरेख मुख्यतः आजोबांकडे असते. शिवणकाम आणि कोंबड्या या दोन गोष्टी मात्र पहिल्यापासून घरातील बायकांच्या हातात राहिल्या आहेत. बागेच्या जमाखर्चात त्यांना जागा नाही आणि कोणी विचारले तर घरातलीच मंडळी ‘ते आपले घरचे काम’ असे म्हणून विषय संपवतात. या घरच्या कामामागे केवढी माहिती आहे, किती बारीक निरीक्षण आहे आणि किती निर्णय रोज घ्यावे लागतात, ते दाखवण्यासाठी हा माहितीपट केला आहे.

(दृश्य : खुराड्याचे दार उघडते. कोंबड्या बाहेर पडतात.)

खुराडे जमिनीपासून हातभर उंच ओट्यावर आहे आणि त्याचे तोंड पूर्वेला आहे. ओल आणि मुंगूस या कोंबडीच्या दोन मोठ्या शत्रूंना ओट्यामुळे आळा बसतो, आणि सकाळचे ऊन थेट आत येत असल्यामुळे रात्रीचा दमटपणा लवकर निघून जातो. सूनबाई दार उघडतात तेव्हा लगेच दाणे टाकत नाहीत. प्रत्येक कोंबडी बाहेर पडताना तिची चाल, तुऱ्याचा रंग आणि खाली पडलेली विष्ठा त्या पाहून घेतात, कारण आजारी पक्षी आपला आजार शक्य तितका लपवतो आणि तो उघड दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्यानंतर बाजरी, मक्याचा भरडा आणि तांदळाची कणी अंगणात पसरून टाकली जाते. भाजीचे देठ, कोबीची पाने आणि कलिंगडाच्या साली यांची भर दिवसभर पडत राहते. अंड्याची टरफले वाळवून, बारीक कुटून दाण्यात मिसळली जातात, कारण टरफल जवळजवळ संपूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि रोज नवे टरफल घडवणाऱ्या पक्ष्याला ते कुठून तरी परत मिळावे लागते. चुलीची राख अंगणाच्या एका कोपऱ्यात पसरलेली दिसते. तिथे कोंबड्या दुपारी मनसोक्त लोळतात आणि पिसांतल्या उवा-पिसवांचा बंदोबस्त स्वतःच करतात.

सध्या अंडी कमी मिळत आहेत. कोंबडीच्या शरीराला अंडी घालण्याचा इशारा दिवसाच्या लांबीवरून मिळतो आणि भरपूर अंडी मिळण्यासाठी सुमारे 14 तास उजेड लागतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा दिवस जेमतेम 11 तासांचा असतो. खुराड्यात दिवा लावून हा काळ लांबवता येतो आणि मोठ्या पोल्ट्रीत तसे केले जाते, परंतु या घरात दिवा लावत नाहीत. पिसे झडून नवी येण्याचा आणि अंगावर मांस धरण्याचा हा काळ कोंबडीला मिळाला पाहिजे, असे आजींचे मत आहे, आणि चार अंड्यांसाठी ते बदलण्याची गरज सुनेलाही वाटलेली नाही.

(दृश्य : पडवीतील पाटी. भुश्श्यावर बसलेली कोंबडी.)

पडवीच्या कोपऱ्यात पाटीत बसलेली ही तांबूस कोंबडी खुडूक आहे, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसली आहे. जवळ हात नेला तर ती पिसे फुलवून आवाज करते आणि चोच मारते, पण जागा सोडत नाही. या घरात वनराजा जातीच्या काही कोंबड्या आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठीच विकसित केलेली ही जात वर्षाला गावठी कोंबडीपेक्षा पुष्कळ जास्त अंडी देते. मात्र अशा सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, आणि त्या संकरित असल्यामुळे त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिले आईबापांसारखीच निपजतील याची खात्री नसते. त्यामुळे खाण्यासाठी आणि विकण्यासाठी सुधारित कोंबडीची अंडी, तर पिलांसाठी गावठी कोंबडी आणि गावठी अंडी, अशी विभागणी सासू-सुनेने विचार करून ठरवली आहे.

उबवण्यासाठी अंडी निवडणे हे या घरातले सर्वांत काळजीपूर्वक केले जाणारे काम आहे. फार लहान, फार मोठी, वेडीवाकडी किंवा तडा गेलेली अंडी बाजूला काढली जातात, आणि आठवड्याहून जुने अंडे घेतले जात नाही. अंडी धूत नाहीत, कारण टरफलावर जो अगदी पातळ नैसर्गिक थर असतो तो पाण्याने निघून जातो आणि टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून जंतूंना आत जायला वाट मिळते. साठवताना अंड्याचे निमुळते टोक खाली ठेवतात, म्हणजे रुंद टोकाकडची हवेची पोकळी वरच्या बाजूला राहते. इतके सगळे करून 11 किंवा 13 अंडी कोंबडीखाली ठेवली जातात. आजी विषमच संख्या घेतात आणि ती संध्याकाळीच ठेवतात. अंधार पडल्यावर कोंबडी शांत असते आणि अंडी सहज स्वीकारते, एवढे तर आपल्यालाही पाहता आले.

तिथून पुढचे 21 दिवस सगळी जबाबदारी कोंबडीची असते. ती दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी फिरवते, काठावरची मध्ये आणि मधली काठावर घेते, आणि दाणापाण्यासाठी फार थोडा वेळ उठते. सातव्या-आठव्या रात्री नात मोबाईलचा टॉर्च अंड्यामागे धरते. अंडे फळलेले असेल तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रक्तवाहिन्या आणि मध्ये हलणारा गडद ठिपका दिसतो. रिकामे अंडे स्वच्छ उजळून निघते आणि ते काढून घेतले जाते. पूर्वी आजी हेच पडवीच्या दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेसमोर अंडे धरून पाहत असत. शाळेच्या पुस्तकात गर्भाच्या वाढीची आकृती असते, पण आपल्या तळहातावरच्या अंड्यात ती हलताना पाहिलेल्या मुलीला त्या आकृतीविषयी वेगळे काही शिकवावे लागत नाही.

पिले निघाली की खरी धास्ती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. हा विषाणू एका घरात शिरला तर काही दिवसांत वस्तीवरची बहुतेक खुराडी रिकामी करतो आणि त्यावर औषध नाही. उपाय आहे तो लसीचा. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब आणि पुढे पिले सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर दुसरी लस टोचून द्यावी लागते. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठी येते, ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा द्रावण तयार केले की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहाबारा पिलांसाठी हा व्याप कोण करणार? म्हणून आसपासच्या मळ्यांतल्या बायका आपापल्या पिलांची वेळ जुळवून घेतात, एकीच्या घरचा थर्मास घेऊन एक जण लस आणायला जाते, आणि त्या सकाळी सगळ्या घरांची पिले एकाच ओट्यावर लसीला येतात. कोणत्याही सरकारी पत्रकाशिवाय उभी राहिलेली ही व्यवस्था आम्हाला या संपूर्ण चित्रणात सर्वांत मोलाची वाटली.

बागेत फवारणी असते त्या दिवशी कोंबड्यांना बाहेर सोडत नाहीत. द्राक्षबागेला ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वारंवार फवारण्या द्याव्या लागतात. त्यामुळे आजोबा पंप भरण्यापूर्वी घरात सांगतात, आणि फवारणीनंतरही काही दिवस बागेकडचे फाटक बंद राहते. द्राक्ष आणि कोंबड्या एकाच कुंपणात सांभाळायच्या तर हे भान सोडून चालत नाही.

(दृश्य : दुपार. पडवीच्या खिडकीखाली पायमशीन.)

दुपारची जेवणे आटोपून भांडी पालथी पडली की सूनबाई मशीनवर बसतात. मशीन खिडकीखाली आणि खिडकी डाव्या हाताला येईल असे ठेवले आहे, म्हणजे सुईवर हाताची सावली पडत नाही. त्याला मोटार बसवलेली आहे आणि लांब सरळ टिपांसाठी ती वापरली जाते, परंतु गळ्याची गोलाई आली की त्या पट्टा काढून पुन्हा पायाने चालवतात, कारण पायाखाली एकेक टाका हवा तिथे थांबवता येतो. वस्तीवरच्या बायकांचे ब्लाऊज, साड्यांचे फॉल-पिको, शाळेच्या गणवेशाची उसवलेली शिवण आणि लहान मुलांचे कपडे असे काम त्यांच्याकडे येते. ब्लाऊज शिवताना त्या आतल्या बाजूला भरपूर माया, म्हणजे शिवणीपलीकडचे जादा कापड, ठेवतात. अंग भरले, बाळंतपण झाले, तर तोच ब्लाऊज उसवून सैल करता यावा, हा विचार त्यामागे असतो, आणि झटपट शिवून मिळणाऱ्या कपड्यात तो सहसा आढळत नाही.

फॉलचे काम पाहण्यासारखे आहे. सुती फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतला जातो, कारण न भिजवता लावलेला फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीचा काठ चुण्या पडून कायमचा बिघडतो. साध्या साडीला मशीनची टीप चालते. परंतु येवल्याची पैठणी आली की मशीन बंद होते. नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात हातमागावर विणल्या जाणाऱ्या आणि 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या साडीच्या काठाला सूनबाई हाताने टाके घालतात. प्रत्येक टाक्यात सुई रेशमाचा एखाददुसराच धागा उचलते, त्यामुळे सुलट बाजूला काहीही दिसत नाही. मशीनच्या टिपेने जरीचा काठ आवळला गेला तर तो पूर्ववत होत नाही, हे सांगताना त्यांच्या आवाजात जो ठामपणा येतो तो पुष्कळ साड्या हातांखालून गेल्यावरच येतो.

सध्या मशीनवर काळे कापड आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी लहान मुलांचे बोरन्हाण होते, त्यासाठी काळी झबली आणि फ्रॉक शिवून हवे असतात, आणि त्यांवर घालण्याचे हलव्याचे दागिने करण्यात नात रात्री आईला मदत करते. कुठे लग्न ठरले की रुखवताची कामे येतात. त्यात लोकरीची तोरणे, मण्यांचे रुमाल आणि क्रोशाने विणलेली ताटावरची झाकणे असतात. ही कामे सुंदर असतात, पण त्यांत वेळ फार जातो आणि मोबदला त्या मानाने फार कमी मिळतो, ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

(दृश्य : अंगणात पसरलेली लुगडी. चार कोपऱ्यांवर दगड.)

गोधडी मात्र आजींची. ज्या दिवशी ऊन चांगले असते त्या दिवशी अंगण झाडून, त्यावर चटई टाकून जुनी सुती लुगडी एकावर एक अंथरली जातात. कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणले जाते आणि एकही सुरकुती राहू नये म्हणून आजी गुडघ्यांवर बसून तळहाताने प्रत्येक थर मध्यापासून काठाकडे सारखा करतात. विरलेला भाग आतल्या थरात जातो, धड भाग वर येतो, आणि जिथे कापड अपुरे पडते तिथे ब्लाऊजच्या उरलेल्या तुकड्यांची ठिगळे बसतात. ते तुकडे सून वर्षभर एका गाठोड्यात साठवते. मग मोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र बांधले जातात आणि काठापासून आत असा धावदोरा सुरू होतो. चारही बाजूंनी फिरत फिरत ओळी मध्याकडे येतात आणि दोन ओळींमध्ये बोटभर अंतर राहते. हे अंतर वाढले तर धुताना आतले कापड गोळा होते, आणि फार कमी केले तर गोधडी ताठ होऊन अंगाशी नीट बसत नाही.

जुन्याच कापडाचा आग्रह केवळ काटकसरीपोटी नाही. शेकडो धुण्यांत नव्या सुती कापडाची खळ निघून जाते, सूत मऊ होते, घाम टिपून घेते, आणि थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. तान्ह्या बाळाचे दुपटे जुन्या लुगड्याचेच का करतात, याचे कारणही तेच आहे. आता अडचण अशी आहे की घरातल्या जुन्या साड्या पुष्कळशा सिंथेटिक असतात. त्या फाटत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि एकमेकींवरून सरकत राहतात, त्यामुळे धावदोऱ्याची ओळ सरळ येत नाही. आजींच्या पेटीत सुती नऊवारी लुगडी थोडीच उरली आहेत, आणि त्यांतले कोणते कोणाच्या गोधडीत जाईल हे त्यांनी ठरवून ठेवले आहे. नातीची गोधडी या वर्षी पुरी करायची आहे. तिच्या वरच्या थरासाठी त्यांनी स्वतःच्या आईचे हिरवे लुगडे काढले आहे, आणि काठाची पहिली ओळ नातीने स्वतः घालावी असे सांगितले आहे. नातीचे टाके अजून लहानमोठे पडतात. आजी ते उसवत नाहीत, फक्त पुढची ओळ त्याच्या शेजारून कशी न्यायची ते दाखवतात.

(दृश्य : रात्र. सूनबाई वही उघडून बसल्या आहेत.)

शिलाईचे पैसे आणि अंड्यांचे पैसे एकाच वहीत, पण वेगवेगळ्या पानांवर लिहिले जातात. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, आजींची गुडघेदुखीची औषधे आणि मशीनचा नवा पट्टा हे सगळे या वहीतून निघाले आहे. कोंबड्यांचे खत घराजवळच्या भाजीच्या वाफ्यांना जाते, तेही थेट नाही. ताजे खत उष्ण असते आणि रोपे जाळते, म्हणून ते पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात कुजवून घेतले जाते. वहीत त्याची नोंद नाही, तशीच घरात खाल्लेल्या अंड्यांची आणि घरच्यांसाठी शिवलेल्या कपड्यांचीही नाही. ती नोंद झाली असती तर जमेची बाजू बरीच मोठी दिसली असती.

येत्या काही आठवड्यांत द्राक्षांची काढणी सुरू होईल. पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतील, पहाटेपासून बागेत कात्र्या चालू राहतील आणि घरातला एकही हात रिकामा राहणार नाही. म्हणून सासू-सुनेने कामांचा क्रम आताच लावला आहे : आधी बोरन्हाणाचे कपडे, मग गोधडीचा उरलेला मधला भाग, आणि तोपर्यंत पाटीतली पिले निघाली की शेजारच्या दोन मळ्यांना निरोप, कारण त्यांच्याकडची पिलेही त्याच आठवड्यात निघणार आहेत आणि थर्मास घेऊन जाण्याची पाळी या वेळी या घराची आहे.