मृगाआधी छप्पर

[दृश्य: लाल माती, काजूची झाडे, जमिनीवर चुन्याने आखलेल्या रेषा. पेडणे तालुका, गोवा.]

गोव्यात घर बांधायचे तर कॅलेंडर उलटे वाचावे लागते. आधी मृग कधी लागतो ते बघायचे आणि तिथून मागे मोजत यायचे. मृगाआधी कौले चढली पाहिजेत. कौलांआधी कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, कैच्यांआधी भिंती, भिंतींआधी जोते. असे मोजत आले की गाडी फेब्रुवारीवर थांबते. त्याच्याही मागे जायचे म्हटले तर पौष आडवा येतो.

म्हणून 2025 च्या वसंत पंचमीला इथे नारळ फुटला.

घर एका जोडप्याचे. ती सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे अख्ख्या वाड्यासाठी ती ‘टीचर’. तो पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. मेस्त, म्हणजे गवंडी, त्याला ‘भाऊ’ म्हणतो. आपणही तसेच म्हणू.

[दृश्य: प्लास्टिकच्या पिशवीतली जाडजूड फाइल.]

नारळाच्या आधी ही फाइल आहे. फॉर्म एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, सर्व्हे प्लॅन, 1968 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 32 खाली मिळालेली रूपांतराची सनद, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला, पंचायतीचा बांधकाम परवाना. एकेका कागदासाठी भाऊने रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे सकाळी कचेऱ्या गाठता येतील. झोपला कधी, ते त्यालाच ठाऊक.

फाइलभर दोघांची नावे जोडीने आहेत. सिंधुदुर्गातल्या पाहुण्यांना याचे नवल वाटते, इथे वाटत नाही. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कुटुंबाविषयीचा भाग गोव्यात अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक. उद्या भाऊने हा तुकडा विकायचे मनात आणले तरी टीचरची सही लागणार. ‘म्हणून मी भांडताना जपून भांडतो,’ भाऊ म्हणतो. टीचर हसत नाही. हा विनोद तिने पूर्वीही ऐकलेला दिसतो.

आठवडा पहिला आणि दुसरा

खणायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी काम अडले. ईशान्येच्या कोपऱ्यात काजूच्या बुंध्याशी रोयण, म्हणजे वारूळ निघाले. छोटेच, कमरेएवढे. पण गोव्यात गावोगावी सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. जमीन तिची, आपण नंतरचे. मेस्ताने फावडे खाली ठेवले आणि म्हणाला, ‘हिला हात लावायचा नाही. तुम्ही ठरवा काय ते.’

नकाशात त्याच बाजूला सेप्टिक टँक होती. ती सरकवायची तर विहिरीपासून 15 मीटरचे अंतर राखायला हवे. इंजिनिअर टेप घेऊन आला, भाऊने दुसरे टोक धरले, सासूबाई पायरीवर बसून सूचना देत राहिल्या. टँक पश्चिमेला गेली. रोयणीभोवती चार चिरे, म्हणजे जांभ्याचे तासीव दगड, मांडले, हळदकुंकू वाहिले आणि खणणे पुन्हा सुरू झाले. गंमत अशी की पुढे जोत्याच्या मातीवर वाळवीचे औषध मारले, तेव्हा त्याच मेस्ताने रोयणीच्या बाजूला पंप फिरणार नाही याची काळजी घेतली. घरातली वाळवी वेगळी आणि दारातली वेगळी. यात विसंगती शोधणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

तीन-साडेतीन फुटांवर कडक जांभा लागला. पहार आपटली की ठणका थेट खांद्यापर्यंत येई. असा तळ लागला की मेस्त खूश.

आठवडा पाचवा

जोते उभे राहिले. भराव घातला, पाणी सोडून बसवला, धुमसाने ठोकला. बँकेचा माणूस येऊन फोटो काढून गेला, कारण कर्जाचा पुढचा हप्ता जोते झाल्याशिवाय सुटत नाही. बँकेच्या लेखी घराचे तीनच टप्पे: जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांवरची तुळई), छप्पर. मधले सगळे घरमालकाचे नशीब.

पुढचे दोन आठवडे काम रडतखडत चालले. होळी आली, शिगमो सुरू झाला. स्थानिक गडी रोमटात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत, आणि उत्तर कर्नाटकातले गावच्या जत्रेला. ‘उगादीनंतर येतो’ असे सांगून गेलेले बहुतेक आले. मोपाच्या नव्या विमानतळावर 2023 च्या जानेवारीत विमाने उतरू लागल्यापासून या पट्ट्यात बांधकामे इतकी निघाली आहेत की, गेलेला गडी परत येणे हीच मोठी गोष्ट.

आठवडा आठवा: चिरा

[दृश्य: ट्रक मागे येतो. फळी पडते. लाल धूळ.]

चिरे आले. ट्रकमधून उतरताना मेस्त जवळ उभा राहून एकेकाला हातोडीची टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर उजवीकडे, बद्द वाजला तर डावीकडे. बद्द आवाजाचा एक चिरा त्याने कॅमेऱ्यासमोर फोडून दाखवला. आत पांढऱ्या शाडूचे गोळे, बोटाने उकरता येतील इतके मऊ. असा चिरा बाहेरच्या भिंतीत गेला की दोन पावसाळ्यांत शाडू धुपून जाते आणि भिंतीला भोके पडतात. डावीकडचे चिरे फेकायचे नाहीत. ते जोत्याच्या पायऱ्यांत, प्लास्टरखालच्या आडभिंतीत जातील.

खाणीतून नुकताच निघालेला चिरा ओलसर आणि तासायला सोपा असतो. हवा लागली की त्यातले लोह घट्ट होते आणि दगड कडक बनत जातो. एकेका चिऱ्याचे वजन 25-30 किलोंच्या घरात. दोन गडी दिवसभर ते उचलतात, रचतात, पुन्हा उचलतात. दुपारी चिंचेखाली झोपलेल्या त्यांच्या हातांकडे कॅमेरा गेला. तळव्यांच्या रेषांत लाल रंग मुरलेला आहे, साबणाने न जाणारा.

पाडव्याला मुख्य दाराची चौकट उभी राहिली. लाकूड फणसाचे, मूळ घराच्या परड्यात दोन वर्षांपूर्वी वादळात आडव्या झालेल्या झाडाचे. मूळ घर इथून हाकेच्या अंतरावर. त्यात वाटेकरी सात, न्हाणीघर एक. नवे घर बांधायचे खरे कारण हेच, पण चौकटीची पूजा चालू असताना ते कुणी बोलले नाही. सगळे वाटेकरी आले होते, आणि प्रत्येकाचे चौकटीच्या उंचीबद्दल मत होते.

आठवडा नववा आणि दहावा: पाणी

सकाळचे सहा. टीचर पाइप घेऊन उभी आहे. शाळेची साडी नेसलेली, पदर खोचलेला, पायात भाऊच्या रबरी चपला. कालच्या थराच्या सांध्यांवर ती पाणी मारते. चिरा पाणी पितो तेव्हा आवाज येतो, बारीक, चुरचुर असा. भिंत काळपट होते, आणि पाइप दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक पुन्हा फिकट झालेले असते. एप्रिलचे ऊन सात वाजताच लागते.

सिमेंट वाळून घट्ट होते असे आपल्याला वाटते. ते तसे नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया चालू असते, तेवढा वेळ काम ओले राहिले पाहिजे. पाणी उडाले की क्रिया थांबते आणि सिमेंट कच्चे राहते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान 7 दिवस ओले ठेवायचे, राख मिसळलेल्या सिमेंटचे 10 दिवस. बाजारात आता बहुतेक दुसरेच मिळते. काँक्रीटची ताकद मोजायचा दिवस 28 वा. हे सगळे टीचरने इंजिनिअरकडून फळ्यावर लिहून घ्यावे तसे वहीत उतरवून घेतले आहे: कोणता कॉलम कधी ओतला, पाणी कधीपर्यंत. संध्याकाळची पाळी भाऊची. तो घरी नसेल तेव्हा सासूबाई बादलीने मारतात आणि वहीत टिक करतात.

पण विहीर खाली चालली आहे. एप्रिलमध्ये चिऱ्यातल्या विहिरींची पातळी अशीच उतरते. कळशी दोराने सोडली की तळाचा खडखडाट ऐकू येतो. जूनमध्ये इथे आभाळ फाटेल. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटर पडतो. आणि आज भिंत भिजवायला टँकर मागवावा लागतो आहे. टँकरवाल्याला फोन करताना टीचरचा आवाज जितका कडक होतो, तितका वर्गातही होत नसेल.

आठवडा अकरावा: स्लॅब

सगळ्या घराला स्लॅब नाही. स्वयंपाकघर, न्हाणी आणि त्यांवरची पाण्याची टाकी एवढ्यालाच. बाकी कौले. यावरून घरात बरेच दिवस वाद होता. भाऊला पूर्ण स्लॅब हवा होता, वर उद्या खोली काढता येईल म्हणून. टीचरचे म्हणणे साधे होते: गोव्यातल्या स्लॅबवर दोन-चार वर्षांत पत्र्याचे छप्पर घालावेच लागते, मग आधीच कौले का नकोत? गावात फिरून बघा, ती चुकीचे बोलत नाही.

[दृश्य: मिक्सरचा आवाज. लिफ्ट वर जाते.]

स्लॅबचा दिवस म्हणजे अर्धे लग्न. पहाटे मिक्सर आला. खडी, क्रशरची रेती, सिमेंट, पाणी. एकदा सुरुवात झाली की थांबायचे नाही, नाहीतर जुन्या-नव्या ओताचा सांधा राहतो आणि पाऊस नेमका तोच शोधतो. दुपारी दोनला काम आटोपले. जेवणाला सुंगटांची (कोळंबीची) कडी आणि भात, मागून दुसऱ्यांदा भात. दुसऱ्या सकाळी स्लॅबवर मातीची आळी घालून पाणी कोंडले. बेडूक कुठून आला कळले नाही, पण आला. खालचे टेकू पुढचे दोन आठवडे काढायचे नाहीत. तोवर स्वयंपाकघरात वाकून शिरायचे.

आठवडा पंधरावा आणि सोळावा

कैच्या लाकडी असाव्यात असे सासूबाईंना वाटत होते. माटीच्या (ऐनाच्या) वाशांचा भाव ऐकल्यावर त्या गप्प झाल्या. लोखंडी पाइपांच्या कैच्या उभ्या राहिल्या, गंज धरू नये म्हणून दोन हात प्रायमर. त्यावर रिपा. आणि कौले.

कौले दोन प्रकारची. पुढच्या पाखीसाठी नवी. मागच्या पाखीसाठी मूळ घराच्या मोडलेल्या गोठ्यावरून उतरवलेली, पाठीवर मंगळूरचा ठसा असलेली. मंगळूरला बाझल मिशनने कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला; तिथून या किनाऱ्यावरची गवताची छपरे हळूहळू लाल होत गेली. जुन्या कौलांवरचे शेवाळ भाऊने तारेच्या ब्रशाने खरवडले. चौरस मीटरला साधारण 15 कौले लागतात, म्हणजे ब्रश बराच झिजला.

हिशेबाने जूनचा पहिला आठवडा हातात होता. पण 2025 चा मे वेगळा निघाला. तिसऱ्या आठवड्यातच आभाळ भरले आणि धो-धो सुरू झाले. 24 मे रोजी मोसमी पाऊस केरळात पोहोचला, 2009 नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. दुसऱ्याच दिवशी, 25 तारखेला, तो गोव्यात दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले.

पुढची पाखी पूर्ण झाली होती. मागची अर्धी. कोन्याची, म्हणजे माथ्यावरची, कौले बसायची होती.

[दृश्य: निळी ताडपत्री वाऱ्यावर फडफडते. पावसाचा मूळ आवाज, निवेदन थांबते.]

ताडपत्रीचे एक टोक भाऊच्या हातात, दुसरे मेस्ताच्या. ओल्या रिपांवर पाय ठरत नव्हता. मेस्त एरवी कुणाला रागावत नाही. ‘भाऊ, तुम्ही खाली उतरा! तुम्हाला काही झाले तर टीचर मला सोडायची नाही!’ भाऊ उतरला. उघडीप मिळेल तशी कौले चढत राहिली. अर्धा तास ऊन, चार रांगा. पुन्हा सर, पुन्हा ताडपत्री. नैऋत्येकडून झड आत येत होती, त्या बाजूच्या भिंतीला सासूबाईंनी माडाची चुडते विणून उभी केली. पूर्वी प्रत्येक मातीच्या घराला पावसाळ्यात असे कूड लागायचे. विणायला त्यांना अर्धी दुपार लागली, आणि ताडपत्रीपेक्षा ते चांगले टिकले.

कोना बसला त्या रात्री दोघे टॉर्च घेऊन घरात फिरले. दोन ठिकाणी ठिबकत होते. टीचरने जमिनीवर खडूने फुल्या मारल्या. सकाळी मेस्ताने खालून बांबूने कौल जरासे सरकवले. एक जागा थांबली. दुसऱ्या जागी कौलालाच चीर होती, ते बदलले.

त्यानंतरचे आठवडे

आतली कामे पावसात चालतात, पण दमाने. गिलावा वाळत नाही. वायरिंगचे पाइप, फरशी, न्हाणीतल्या टाइल्स, सगळे सावकाश. रंगाचे नाव दसऱ्याआधी काढायचे नाही. आषाढी झाली की चातुर्मास, म्हणून घरभरणी तुळशीच्या लग्नानंतरच. तोपर्यंत पंचायतीचा वास्तव्य दाखला, घर क्रमांक आणि बांधकामाच्या दराचा वीजमीटर बदलून घरगुती मीटर, एवढे भाऊच्या यादीत आहे. तो पुन्हा रात्रपाळी मागणार. 27 ऑगस्टची चवथ मूळ घरातच होईल. गणपती एकच, त्याच्यावर फळाफुलांची बांधायची माटोळी एकच, सातही वाटेकऱ्यांची. त्याबद्दल कुणाचे दुमत नाही.

दुमत आहे ते स्वयंपाकाच्या ओट्यावर. भाऊला ओटा 34 इंच हवा. मासळी तो साफ करतो, रविवारचे हुमण, म्हणजे माशाची कडी, तो करतो, त्याची पाठ वाकते. टीचरला 32 च्या वर नको. बाकीचे सहा दिवस तिचे आहेत. कडप्पा येऊन भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. मेस्त रोज सकाळी विचारतो, ‘ठरले?’, आणि न्हाणीच्या टाइल्स लावायला निघून जातो.