देसगतीचा वारस

[दृश्य: पुणे-बंगळूर महामार्ग, काकतीचा फाटा. सकाळची वाहतूक.]

बेळगाव सोडून कोल्हापूरच्या वाटेला लागलात की शहर संपतं न संपतं तोच काकती येतं. कित्तूरची राणी चन्नम्मा या गावची. धुळप्पा देसायांची लेक. ती पडली कित्तूरच्या मल्लसर्ज देसायांच्या घरात. माहेर देसाई, सासर देसाई.

आमच्या भागात देसाई कुठल्याही जातीत सापडतील. मराठा, लिंगायत, ब्राह्मण, जैन. घरात कुणी मराठी बोलेल, कुणी कानडी, बरेच जण दोन्ही. याचं कारण साधं आहे. देसाई हा आधी हुद्दा होता आणि हुद्द्याला जात लागत नाही, वतन लागतं, म्हणजे पिढीजात हक्क.

[दृश्य: शेतवडी, मागे गावाची वेस. नकाशावर परगण्याची हद्द उमटते.]

बहामनी आणि पुढे आदिलशाही अमलात मुलूख परगण्यांत वाटलेला होता. एका परगण्यात अनेक गावं. गावचा कारभार पाटील किंवा गौडा आणि कुलकर्णी बघायचे. या सगळ्यांच्या वर परगण्याचा देसाई, आणि हिशेबाला देशपांडे. काही ठिकाणी नाडगौडा. देशावर ज्याला देशमुख म्हणतात, तोच इकडचा देसाई.

विजापूरच्या दरबाराला इथली माती ठाऊक नव्हती. कुठल्या गावात किती जमीन पडीक, कुठली विहीर आटली, कुठला गौडा खरं बोलतो आणि कुठला पिकाचा आकडा लपवतो, हे देसायाला ठाऊक. सारा ठरवताना तो रयतेच्या बाजूनंही बोलायचा आणि दरबाराला हमीही द्यायचा. बदल्यात वसुलीतला ठरलेला हक्क, इनाम जमीन आणि मानपान. दसऱ्याचा मान कुणाचा, जत्रेत पहिला नारळ कुणाचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालली. पैशाच्या हक्कापेक्षा मानाचे तंटे जास्त चिवट असतात, हे ज्यानं सीमाभागातली एखादी तरी जत्रा पाहिली आहे त्याला सांगायला नको.

या सगळ्याला मिळून म्हणायचे देसगत.

[दृश्य: कित्तूर. पडक्या वाड्याचे खांब, न्हाणीघर, तट.]

कित्तूरच्या देसगतीची सुरुवात दोन भावांपासून सांगतात. हिरेमल्लशेट्टी आणि चिक्कमल्लशेट्टी. व्यापारीही आणि शिपाईही. सोळाव्या शतकाच्या शेवटी ते विजापूरच्या फौजेबरोबर या बाजूला आले. थोरल्याला ‘शमशेर जंग बहादूर’ हा किताब मिळाला आणि हुबळी परगण्याची सरदेशमुखी. लिंगायत घराणं, फारसी किताब, पुढे मोडी कागद. दख्खनच्या कारभारात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग आदिलशाही गेली. मोगल आले, सावनूरचे नवाब आले, मराठे आले, हैदर आला, टिपू आला, पुन्हा पेशवे. प्रत्येक जण येताना देसायाला दम द्यायचा आणि स्थिरस्थावर झाला की त्यालाच बोलावून घ्यायचा. वसूल कुणी करायचा, हा प्रश्न कुणाही राजाला चुकला नव्हता.

शिवाजी महाराजांनी वतनदारांच्या या बळाला लगाम घातला. त्यांचे हुडे-कोट, म्हणजे बुरूज आणि तट, पाडले, परस्पर वसुली थांबवली. याच भागात, बैलहोंगलजवळच्या बेलवडीत, मराठी फौजेला एका देसाईणीनं सत्तावीस दिवस झुंजवलं. मराठी बखर तिला सावित्रीबाई म्हणते, कानडी परंपरा मल्लम्मा. इतक्याशा गढीवर फौज अडकून पडली, यातच देसगतीची ताकद दिसते. गढी लहान होती, पण आजूबाजूची माणसं तिची होती.

महाराजांमागं, मोगलांशी झुंजताना राजाराम महाराजांच्या काळात वतनं पुन्हा सढळ हातानं द्यावी लागली. आज्ञापत्र या मराठी राज्यनीतीच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदारांना राज्याचे भाऊबंद मानून वागवण्याची, पण त्यांना शेफारू न देण्याची शिकवण दिली आहे. लिहिणाऱ्याला भाऊबंदकीचा चांगलाच अनुभव असावा.

[दृश्य: मोडी कागद, जवळून. कॅमेरा वरून खाली सरकतो.]

आता हा कागद बघा. असेच कागद देसायांच्या घरी रुमालात बांधून ठेवलेले असत. आधी एक आडवी रेघ ओढलेली आणि तिला अक्षरं लटकवत नेलेली. हात फारसा उचललेला नाही. कागद एक नाही, अनेक तुकडे खळीनं एकाला एक जोडलेत. मागच्या बाजूला सांध्यावर शिक्का, म्हणजे मधला तुकडा कुणी बदलला तर शिक्का जुळायचा नाही. आणि मजकूर संपला तिथं मोर्तब, म्हणजे अखेरचा शिक्का. त्याच्याखाली नंतर कुणी ओळ घुसडू नये म्हणून.

इतकी काळजी कशासाठी? वतन वंशपरंपरेनं चालतं ते या कागदावर. ‘लेकराचे लेकरी’ असा शब्द त्यात असतो. पण लेकरूच नसेल तर? मग दत्तक. आणि इंग्रजांनी देसगतींना हात घातला तो नेमका इथे.

[दृश्य: कित्तूरचा किल्ला, दरवाजाच्या बाजूनं.]

1818 साली पेशवाई बुडाली. मल्लसर्जाचा मुलगा शिवलिंगरुद्र इंग्रजांच्या बाजूनं उभा राहिला होता, म्हणून देसगत राहिली. 1824 च्या सप्टेंबरात तो गेला. मूल नव्हतं. मरणापूर्वी त्यानं मस्तमर्डीच्या गौडांचा मुलगा दत्तक घेतला होता. तसं पत्र धारवाडच्या कलेक्टरकडे, थॅकरेकडे गेलं. पत्रावरची सही खरी आहे का, आणि ती देसाई जिवंत असतानाची आहे का, असा संशय थॅकरेनं घेतला. दत्तक नामंजूर. खजिन्यावर पहारे बसले.

चन्नम्माची लढाई सगळ्यांना माहीत आहे. 23 ऑक्टोबर 1824 ला थॅकरे किल्ल्यासमोर मारला गेला. दोन गोरे अधिकारी कैद झाले. डिसेंबरात मोठी फौज आली आणि कित्तूर पडलं. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं, तिथंच 1829 मध्ये ती वारली. तिचा शिपाई संगोळ्ळी रायण्णा पुढं लढत राहिला आणि 1831 च्या जानेवारीत त्याला खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं.

शाळेत शिकवताना शौर्याचा भाग मोठ्यानं सांगतात, आणि तो सांगायलाच हवा. पण भांडण पेटलं ते एका सहीवरून, हे मात्र पुसट होत जातं. ज्या घराण्यानं आपलं राज्य शिक्क्यावर आणि मोर्तबावर चालवलं, त्याच्या शेवटच्या कागदावरच साहेबानं बोट ठेवलं.

[दृश्य: निपाणी. बाजारपेठ, मग निंबाळकरांचा वाडा.]

निपाणीला लढाईविना तेच झालं. आप्पा देसाई निपाणकर, म्हणजे सिधोजीराव नाईक-निंबाळकर, पेशव्यांचे सरलष्कर. 1839 ला ते वारले, औरस वारस नव्हता आणि जहागीर खालसा झाली. तंबाखूच्या व्यापारानं हे गाव पुढं मोठं झालं. तिथल्या देसायांचा इतिहास आता वाड्यापुरता उरला आहे.

नरगुंद देसगत नव्हे, संस्थान होतं. तरी त्याचं नाव इथं घ्यावं लागतं. भास्करराव भावे यांनाही दत्तक नाकारला. 1858 मध्ये त्यांनी बंड केलं, त्यात पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला. भास्कररावांना फाशी दिलं ते बेळगावात, 12 जूनला.

[दृश्य: दफ्तराची कपाटं, बांधलेले रुमाल.]

तलवार उपसायला लावणाऱ्या या गोष्टी थोड्या. बाकीच्या घरांत लढाई झाली ती कचेरीत. दक्षिण मराठा मुलखात 1843 पासून इनामांची चौकशी सुरू झाली आणि 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं. सनद दाखवा. कधीची? कुणाची? मध्ये खंड पडला का? आजोबांच्या काळात घर जळालं असेल, वाळवीनं कागद खाल्ले असतील, तर ती अडचण तुमची. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून पडताळा घ्यायचे. ते दफ्तर आज अभ्यासकांसाठी शाबूत आहे, त्यात या खोदकामाचाही हात आहे, ही गोष्ट बोचणारी असली तरी खरी.

1860 च्या दशकात परगणे वतनदारांशी तडजोड झाली. चाकरी माफ, त्याबदल्यात उत्पन्नातून सरकारला ठरावीक कपात. म्हणजे देसाई राहिला, देसायाचं काम गेलं. वसूल आता मामलेदार करणार. वाड्यावर दसऱ्याचा दरबार भरत राहिला, आणि बाहेर सरकार भलतंच होतं.

[दृश्य: बेळगाव, कॉलेज रोड. लिंगराज कॉलेजची पाटी.]

शिरसंगीचे लिंगराज देसाई हे दत्तक. त्यांचा दत्तक मात्र टिकला. शिरसंगी-नवलगुंदची मोठी देसगत हातात आली. आणि 1906 मध्ये ते वारले तेव्हा मृत्युपत्रानं मालमत्ता मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून गेले. शेजारच्या देसगतींना वारस सापडेना म्हणून त्या बुडाल्या, आणि ज्याला दत्तक म्हणून आणलं त्यानं वसतिगृहातल्या पोरांना वारस केलं. आमच्या मते या भागातल्या देसगतींच्या इतिहासातली सगळ्यात धाडसाची कृती हीच, कित्तूरची लढाई धरूनसुद्धा. बेळगावचं लिंगराज कॉलेज 1933 मध्ये निघालं, ते त्यांच्या नावानं. वंटमुरीच्या राजा लखमगौडा सरदेसायांचं नावही असंच एका विज्ञान महाविद्यालयाला आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणाला आहे.

[दृश्य: जुना मुंबई राज्याचा नकाशा. बेळगाव ठळक होतं.]

शेवटचा कायदा आला 1950 मध्ये. परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द, अंमल 1 मे 1951 पासून. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं. म्हणून साताऱ्याचा देशमुख आणि हुक्केरीचा देसाई एकाच दिवशी, एकाच कायद्यानं माजी झाले. जमीन सरकारजमा, आणि ठरलेली रक्कम भरली तर तीच जमीन धारकाला परत, पण विकायची तर कलेक्टरची परवानगी. पुढं 1974 च्या कर्नाटकातल्या कूळ कायद्यानं कसणाऱ्यांना मालकी मिळाली, तेव्हा मोठ्या वाड्यांच्या जमिनी खऱ्या अर्थानं सुटल्या. देसायांच्या घरात त्या वर्षांबद्दल अजून कडवट बोलतात. कुळांच्या घरात बोलतात ते वेगळं, आणि दोन्ही घरं बहुतेक वेळा एकाच गल्लीत असतात.

[दृश्य: सीमेवरचा रस्ता. एका बाजूला कानडी पाटी, पुढं मराठी.]

गावच्या पाटलाचं वतन 1950 च्या कायद्यात नव्हतं, ते आणखी काही वर्षं चाललं. मधल्या काळात, 1 नोव्हेंबर 1956 ला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. त्यामुळं चंदगडची पाटीलकी 1 जानेवारी 1963 ला महाराष्ट्राच्या कायद्यानं संपली, आणि खानापूरची 1 फेब्रुवारीला म्हैसूरच्या. सोयरीक असलेल्या दोन पाटलांमध्ये महिनाभराचं अंतर पडलं. चंदगडकडं पुढं 1967 च्या कायद्यानं पोलीस पाटील आला, नेमणुकीनं, बापाच्या मागं मुलगा असा नाही. खानापुरात तोही नाही. तिथं जमिनीचा उतारा हवा असेल तर पूर्वी तलाठ्याकडं जावं लागायचं.