मधली घरं सोडून देणारा बचाव

श्रोतेहो, नमस्कार.

लोकलमध्ये मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळणारी मुलं आपण मुंबईकर रोज पाहतो. पांढऱ्याचं वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकलं, की काळ्याकडून काहीजण घोडा एफ६, प्यादं जी६, प्यादं डी५ अशा चाली धडाधड खेळतात. (पटाचे उभे रकाने ए ते एच आणि आडव्या ओळी पांढऱ्याकडून एक ते आठ; म्हणजे एफ६ हे एफ रकान्यातलं सहावं घर.) हा ग्रुनफेल्ड बचाव. सहा चालींत पांढऱ्याची दोन प्यादी डी४ आणि ई४वर दिमाखात उभी राहतात, सीचं प्यादं काळ्याच्या डीच्या प्याद्याशी मारामारीत गेलेलं असतं, आणि काळ्याचा घोडा सी३वरचा घोडा मारून पटाबाहेर गेलेला असतो; त्याला मारणारं पांढऱ्याचं बीचं प्यादं आता सी३वर असतं. पाठांतर इथे संपतं. पुढे काय? पट जवळ असेल तर मांडून घ्या.

पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे, अशी जुन्या गुरूंची शिकवण होती. १९२०च्या दशकात निम्झोविच, रेटी यांसारख्या खेळाडूंनी तिला आव्हान दिलं. मध्य प्रतिस्पर्ध्याला घेऊ द्या आणि लांबून त्यावर मारा करा, हा त्यांचा हायपरमॉडर्न विचार. अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ साली व्हिएन्नात हाच बचाव खेळून, पुढे विश्वविजेता झालेल्या अलेखाइनला हरवलं. पण त्याच्या कितीतरी आधी, १८५५ साली, कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्ध याच चाली खेळले होते! आपल्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जायचं. त्या सवयीच्या हाताला जी६ आणि मग उंट जी७ हे सहज सुचलं असणार, असं मला वाटतं.

आता त्या उंटाकडेच बघा. जी७वरून त्याची नजर थेट डी४च्या प्याद्यावर आहे. काळा प्यादं सी५ला सरकवतो, घोडा सी६वर आणतो. सगळा रोख डी४वर. पांढऱ्याने घोडा एफ३वर ठेवला, तर काळ्याचा उंट जी४वर येतो. घोड्यामागे वजीर, त्यामुळे घोडा जखडला जातो आणि डी४चा एक राखणदार कमी होतो. म्हणून अनेक जण आधी उंट सी४वर काढतात आणि घोडा ई२वर ठेवतात. मग जी४वरच्या उंटाला प्यादं एफ३ला सरकवून हुसकता येतं. एका घोड्याच्या घराला एवढं महत्त्व का, हे कळलं की निम्मा ग्रुनफेल्ड कळला.

या बचावात आळस चालत नाही. सी५ला उशीर केलात, तर पांढरा सवडीने मोहरी लावतो, ई५ खेळून तुमच्या उंटाची वाट बुजवतो आणि राजावर चालून येतो. २०१० साली सोफियात विश्वविजेतेपदाच्या पहिल्याच डावात आनंद ग्रुनफेल्ड खेळले आणि टोपालोवने त्यांना तीस चालींत हरवलं. सामना पुढे आनंदनेच जिंकला, पण या बचावात एक चूक किती महाग पडते ते त्या डावात दिसतं.

काळ्याच्या हाती आणखी एक गोष्ट असते. सी५चं प्यादं डी४वर मारलं आणि पांढऱ्याने सी३च्या प्याद्याने परत मारलं, की वजिराच्या बाजूला काळ्याची ए आणि बी अशी दोन प्यादी उरतात, पांढऱ्याचं फक्त ए. वजीर पटावरून गेले, की ही जास्तीची संख्या बोलू लागते. पांढऱ्याचा भरवसा डीच्या प्याद्यावर असतो. ते डी५वरून पुढे सुटायच्या आत त्याच्यासमोर मोहरा आणून ठेवा आणि मग बीचं प्यादं पुढे काढा.