गोधडीचं दुसरं टोक

नमस्कार श्रोतेहो.

तुकोबांच्या काळात सालोमालो म्हणून कुणी होते. तुकोबांचे अभंग घ्यायचे, शेवटचं 'तुका म्हणे' काढायचं आणि तिथं आपलं नाव बसवायचं, असा त्यांचा उद्योग. तुकोबा इतके वैतागले की त्यांनी या सालोमालोंवर अभंगच रचून ठेवले. गंमत बघा, आज सालोमालो हे नाव कुणाला ठाऊक असेल तर ते त्या अभंगांमुळंच.

शब्द चोरले तर त्याला वाङ्मयचौर्य असा भारदस्त शब्द आहे. फोटो चोरला तर मराठीत काय म्हणायचं? आमच्या क्लबात सरळ 'फ्रेम ढापली' म्हणतात. आज या ढापण्याबद्दल बोलायचंय. दुसऱ्याचा फोटो बघून आपल्यालाही तसा काढावासा वाटतो, ती प्रेरणा कुठं संपते आणि ढापणं कुठं सुरू होतं? मी काही धंदेवाईक छायाचित्रकार नाही. नोकरी बँकेत केली, कॅमेरा रविवारचा. पण या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे, कारण मी स्वतः ढापलेलं आहे. ती गोष्ट सांगणारच आहे. आधी दोन गोष्टी लंडनच्या आणि दिल्लीच्या.

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल आहे, पलीकडे पार्लमेंटची इमारत. २००५ सालच्या ऑगस्टमध्ये तिथं एक फोटो काढला गेला. पुलावरून लाल दुमजली बस चाललीय, आणि बस सोडून बाकी सगळं, पूल, इमारत, घड्याळाचा मनोरा, करडं केलेलं. आभाळ तर साफ पुसून पांढरं. हे चित्र भेटवस्तूंवर छापून विकलं जायचं. पुढं एका चहा विकणाऱ्या कंपनीला आपल्या डब्यांवर तसंच चित्र हवं होतं. त्यांनी मूळ फोटो वापरला नाही. आपले वेगळे फोटो काढले, त्यात बस वेगळी बसवली, तीही लाल, मागं सगळं करडं, आभाळ पांढरं. प्रकरण कोर्टात गेलं. लाल बस काय कुणाच्या मालकीची आहे का? पार्लमेंटची इमारत कुणी खिशात घालून नेली होती का? कंपनीचं म्हणणं तेच होतं. शिवाय अशी चित्रं तर कितीतरी आहेत म्हणून त्यांनी इतरांची लाल बसची चित्रं पुरावा म्हणून कोर्टापुढं ठेवली. आणि तिथंच फसले. कारण ती सगळी एकमेकांहून वेगळी निघाली. तीच बस, तेच गाव, पण प्रत्येकानं उभं राहायची जागा निराळी धरलेली, चौकट निराळी. जानेवारी २०१२ मध्ये न्यायाधीश कॉलिन बर्स यांनी निकाल दिला की ही नक्कल आहे. छायाचित्रकारांत या निकालावर पुष्कळ कुरकुर झाली, अजून होते.

आता दिल्ली. आर. जी. आनंद नावाच्या नाटककारानं दावा लावला की माझ्या नाटकावरून सिनेमा काढला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कल्पनेवर, विषयावर कुणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो मांडणीवर. बघणाऱ्याला दोन्ही बघून 'ही तर त्याचीच नक्कल' असं ठाम वाटलं, तर ती नक्कल. या कसोटीवर आनंद हरले.

आपल्याकडं १९५७ चा कायदा आहे. त्यात फोटोसुद्धा कलाकृतीच. चांगला असो वाईट असो, कायदा तो फरक करत नाही, आणि आमच्यासारख्यांचं त्यात भलंच आहे. पूर्वी फोटो प्रसिद्ध झाला की पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहायचा; २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. कायद्याचं एवढं पुरे.

मला विचाराल तर मी कानाला सोपं करून असं सांगेन. ठिकाण सगळ्यांचं, ऊन सगळ्यांचं, निवड ज्याची त्याची. पुन्हा सांगतो. ठिकाण सगळ्यांचं, ऊन सगळ्यांचं, निवड ज्याची त्याची. दिवे घाटात पालखी चढताना वर टेकाडावर शेकडो कॅमेरे असतात, सगळ्यांना तीच नागमोडी वाट दिसते. त्यात कुणी कुणाचं काही ढापत नाही. (त्या फोटोंत हल्ली पताका इतक्या भगव्या करतात की डोळ्यांत पाणी येतं, भक्तीनं नव्हे. पण तो वेगळा विषय.)

तर आता माझी गोष्ट.

आमच्या क्लबात एक ज्येष्ठ आहेत. आपण त्यांना अण्णा म्हणू. वार्षिक प्रदर्शनात त्यांचा एक फोटो लागला होता. वाईजवळ कृष्णेचा एक घाट. कुठला ते सांगत नाही, नाहीतर येत्या रविवारी तिथं तीस ट्रायपॉड उभे राहतील. नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर निघतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तर दोन बायका गोधडी पिळताहेत. एकीच्या हातात हे टोक, दुसरीच्या हातात ते, दोघी उलट्या बाजूंनी पीळ देताहेत, गोधडीचा झालाय जाड दोरखंड, आणि त्यातून उडालेलं पाणी मागून आलेल्या उन्हात काचेसारखं हवेत थांबलंय. मागं देवळाचा अंधार. लाल गोधडी. खाली नाव दिलेलं, 'नवरात्राआधी'.

गोधडी हे काय प्रकरण आहे हे ज्यांनी ओली गोधडी उचललीय त्यांनाच कळेल. आजीच्या लुगड्यांचे चार थर, आईच्या हातचे धावदोरे. हल्ली लोक दुकानातून रजई आणतात आणि ड्रायक्लीनला देतात. ड्रायक्लीनच्या दुकानात काय फोटो काढणार?

मी त्या फोटोपुढं वीस मिनिटं उभा होतो. मग इकडं तिकडं बघून मोबाइल काढला आणि त्या फोटोचा फोटो घेतला. तिथंच समजायला हवं होतं.

वर्षभर तो मोबाइलमध्ये होता. पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या चार दिवस आधी मी पहाटे साडेचारला पुण्याहून निघालो. घाटावर पोचलो तेव्हा धुणी सुरू झाली होती. मी मोबाइल हातात धरून पायऱ्या शोधू लागलो. अण्णांच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक फुटकी पायरी होती. ती सापडली. तिच्यापासून मोजून, मागं सरकत, गुडघ्यावर बसून, देवळाचा खांब जिथं त्यांच्या फोटोत होता तिथं माझ्याही चौकटीत आणला. लेन्स तीच, पंचाऐंशी मिलिमीटरची. एक हजारांश सेकंद, म्हणजे थेंब थांबतात. शाळेत आपण पाटीवरचं अक्षर गिरवायचो ना, अगदी तसं चाललं होतं. गिरवण्यात वाईट काही नाही. हात त्यानंच वळतो. मात्र गिरवलेली पाटी हस्ताक्षर स्पर्धेला पाठवायची नसते.

तिथं एक सासू आणि सून होत्या. मी भीत भीत म्हटलं, "मावशी, जरा गोधडी पिळतानाचा फोटो काढू का?"

म्हातारी म्हणाली, "काढा की. त्या बाबांसारखाच का?"

"कुठले बाबा?"

"मागल्या साली आलते. पांढरी टोपी होती बगा. त्यांनी बी हितंच उभं केलं हुतं आमाला. आमची पयली गोधडी काळपट, तर म्हनले ही नको, ती लाल घ्या."

श्रोतेहो, माझ्या पायाखालची ती फुटकी पायरीच सरकली. वर्षभर मला वाटत होतं, अण्णांना तो क्षण अवचित सापडला. नशीबवान माणूस. आणि इथं तर अण्णांनी गोधडी निवडली होती, जागा निवडली होती, उभं कुणी कुठं राहायचं ते ठरवलं होतं. म्हणजे मी जे घ्यायला आलो होतो, ते नदीनं किंवा उन्हानं केलेलं नव्हतंच. ते सगळं अण्णांनी केलं होतं. निवड ज्याची त्याची म्हणतो ना मी, ती ही.

पण परत फिरलो का? नाही. साडेचारला निघालो होतो.

त्यांनी पिळली. मी पाच-सहा फोटो घेतले. पाणी कमी पडलं. म्हटलं, मावशी, परत एकदा. तिनं परत बुडवली. पिळली. या वेळी सुनेचा चेहरा झाकला गेला. परत. तिसऱ्या वेळेला म्हातारीनं गोधडी धप्पकन पायरीवर टाकली आणि म्हणाली, "भाऊ, आता पान्यातनं तुमीच काढा."

मी कॅमेरा गळ्यात, पँट गुडघ्यापर्यंत वर, आणि ती भिजलेली गोधडी पाण्यातून ओढतोय. मला वाटलं, खालून कुणीतरी धरलंय. कमरेत जी कळ आली ती दिवाळीपर्यंत होती. आख्खा घाट हसत होता. म्हातारी सुनेला म्हणाली, "त्या बाबांनी बी उचलली न्हवं गं?" सून म्हणाली, "त्यांनी पिळू बी लागली हुती." मग मला विचारलं, "तुमी त्यांच्याकडं शिकता का?"

मी म्हणालो, "हो."

खोटं बोललो. मी अण्णांना साधं विचारलंही नव्हतं.

चौथ्या खेपेला फोटो मिळाला. पाणी उडालं, ऊन आलं, सगळं जमलं. मी मावशींचे आभार मानले, टपरीवर चहा घेतला, कागदी कपात. चहा काचेच्या पेल्यातच प्यावा हे माझं मत कायम आहे, पण ऐकतो कोण. आणि घरी आलो. फोटो एका स्पर्धेला पाठवला. नाव दिलं, 'घटस्थापनेपूर्वी'. हसू नका, मला त्यावेळी ते नाव माझंच वाटलं होतं. प्रवेशपत्रावर एक ओळ असते, 'हे छायाचित्र मी स्वतः काढलेले आहे'. खाली सही केली. एक शब्दही खोटा नव्हता. बटण मीच दाबलं होतं.

दुसरं बक्षीस मिळालं.

बक्षीसपात्र फोटोंचं प्रदर्शन भरलं तेव्हा मी रोज संध्याकाळी जायचो आणि दारातून आत बघायचो, अण्णा आलेत का. तिसऱ्या दिवशी आले. टोपी काढली, चष्मा लावला, माझ्या फोटोपुढं उभे राहिले. मी शेजारी. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग बोट पुढं केलं, काचेला न लावता.

"ऊन चांगलं मिळालं तुला. माझ्या वेळी ढग होते मधेमधे."

मी गप्प.

"पण गोधडीचं हे टोक पायरीला लागलंय बघ. मी तेवढ्यासाठी दोनदा परत पिळायला लावली होती."

मी कोर्टाच्या कसोट्या तुम्हाला सांगितल्या, लंडनच्या आणि दिल्लीच्या. अण्णांना त्यातली एकही लागली नाही. त्यांनी माझा फोटो त्यांच्याच फोटोसारखा तपासला. वहीतलं गणित तपासावं आणि कुठं हातचा राहिला ते दाखवावं, तसा. मला वाटत होतं, ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "अण्णा, मी विचारायला हवं होतं." ते म्हणाले, "विचारलं असतंस तर जागा सांगितली असती. तुला शोधायला किती वेळ लागला?"

"फुटक्या पायरीवरून सापडली."

"हां," म्हणाले. "ती पायरी मला नको होती खरं म्हणजे चौकटीत. चुकून आली."

म्हणजे मी त्यांची चूकसुद्धा नेमकी मोजून उचलली होती.

जाताना त्यांनी विचारलं, "म्हातारी बरी आहे ना? तिला प्रिंट दिलीस का?"

नव्हती दिली. सुचलंही नव्हतं. सुनेनं चार वेळा गोधडी पिळली, म्हातारीनं चार वेळा, आणि बक्षिसाचं पाकीट माझ्या खिशात.

त्यानंतर मी तो फोटो कुठंही लावायचा झाला की खाली लिहितो, 'अमुक यांच्या छायाचित्रावरून', अण्णांचं खरं नाव घालून. एवढ्यानं फोटो माझा होतो का, मला सांगता येत नाही. निदान त्यांचा तरी त्यांचा राहतो.

आणि पुढच्या वर्षी, नवरात्राच्या आधीच, मोठी प्रिंट काढून, चांगली फ्रेम करून, मी त्या घाटावर गेलो. म्हातारी तिथंच होती, काळपट गोधडी बडवत. हात पदराला पुसले, फ्रेम घेतली, लांब धरून बघितली, सुनेला दाखवली. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या.

मग म्हातारी मला म्हणाली, "भाऊ, ह्यो तर हाय आमच्याकडं."

नमस्कार.