ठिबक द्राक्षाला, माशाला नव्हे

(हौशी मत्स्यपालकांच्या रविवारच्या बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून)

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘सागरी मत्स्यांचे विलगीकरण-टाकीतील अनुकूलन’ असा छापलाय. हे शब्द माझे नाहीत. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, की विकत आणलेला मासा पिशवीतून टाकीत कसा सोडायचा ते सांगतो. सचिवांनी त्याला कोट-टोपी घातली. असो. मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली बारा आधीच्या वक्त्यांनी प्रेमानं खाल्ली आहेत, तेव्हा घड्याळाकडे कुणीतरी लक्ष ठेवा. मी ठेवणार नाही, हे घरून सांगून पाठवलंय.

आपल्यापैकी निम्मे लोक मरीन ड्राईव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयानं बिघडवलेले आहेत. ते १९५१ साली सुरू झालं आणि तेव्हापासून मुंबईतल्या किती बापांच्या खिशाला त्यानं भोक पाडलंय, याचा हिशेब कुणी केलेला नाही. मी सहा वर्षांचा असताना काचेला नाक लावून उभा होतो आणि वडील ओढत होते. नोकरी केली दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं. हे मुद्दाम सांगतोय, कारण दुधात पाणी घातलंय का हे बघायला जी काचेची नळी बुडवतात, तो लॅक्टोमीटर, त्याचीच बहीण आपल्या टाकीतलं मीठ मोजते. आयुष्यभर दूधवाल्यांवर संशय घेतला, आता मासेवाल्यांवर घेतो. धंदा तोच आहे.

विलगीकरण हा शब्द कोविडनं घरोघरी पोचवला. त्याआधी मी ‘क्वारंटाईन टाकी’, म्हणजे नवा मासा मोठ्या टाकीत सोडण्याआधी वेगळा ठेवायची टाकी, म्हटलं की लोक ‘कसली टाईन?’ म्हणायचे. कल्पना जुनी आहे. १३७७ साली रागुझा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, तिथं साथीच्या गावातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचा नियम झाला. पुढे तीसाचे चाळीस झाले आणि व्हेनिसच्या बोलीतल्या चाळीसवरून हा शब्द आला. आपल्याकडे १८९६ ला मांडवीत प्लेग सापडला, मग घरझडत्या, छावण्या, आणि लोक आजारी माणसाला माळ्यावर लपवायला लागले. तुम्ही हसताय, पण आपण वेगळं काय करतो? ‘माझ्या टाकीत आजवर एकही पांढरा ठिपका आलेला नाही’ असं सांगणारे तीन जण मला या खोलीत दिसतायत. पांढरा ठिपका म्हणजे आपल्या माशांची साथ. त्यांच्या माळ्यावर कोण आहे, विचारत नाही.

तर मुद्दा. मुद्दा असा, की... थांबा, आधी पावडर ब्लूची गोष्ट सांगतो, तिच्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

पंधरा-सोळा वर्षं झाली. पावडर ब्लू टँग, आपल्या हिंदी महासागराचाच मासा. आकाशी अंग, काळा चेहरा, पाठीवर पिवळा पट्टा. सुंदर आणि तितकाच नाजूक, पांढरे ठिपके यालाच आधी धरतात. एका दुकानदाराला सहा महिने सांगून ठेवलं होतं. एक दिवस फोन आला, ‘सर, चेन्नईहून पार्सल आलंय, पिशवी उघडलेली नाही, तशीच घेऊन जा.’ पिशवी न उघडता मिळतेय म्हणजे माल ताजा, असा मी अर्थ काढला. साडेतीन हजार मोजले आणि लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो. स्वतःसाठी तोवर कधी फर्स्ट क्लासचं तिकीट काढलं नव्हतं.

तेव्हा सगळीकडे एकच मंत्र होता: ठिबक. मासा बादलीत, टाकीतून बारीक नळी, थेंब थेंब पाणी, दोन तास, तीन तास, जितका वेळ जास्त तितके तुम्ही प्रेमळ. थेंब नीट पडावा म्हणून मी मेडिकलच्या दुकानातून सलाईनचा सेट आणला, तो चाकाचा, कमीजास्त करता येतो तो. दुकानदार ओळखीचा. काळजीनं म्हणाला, ‘काका, घरी कोण ॲडमिट?’ मी खरं ते सांगितलं. त्यानं सुट्टे पैसे परत देताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

बाथरूममध्ये स्टूल, स्टुलाखाली बादली, वर नळी खिट्टीला बांधलेली. त्याच दिवशी माझा मामेभाऊ तासगावहून आलेला. द्राक्षबागायतदार माणूस. दारात उभा राहून त्यानं बघितलं आणि म्हणाला, ‘दादा, ह्ये आमच्याकडं बागंला लावत्यात. तुझ्या माशाला घड कधी लागायचं?’

आता नीट ऐका. पिशवी बंद होती तोवर मासा शांत होता. जरा सुस्त, पण शांत. मी गाठ सोडली, पाणी बादलीत ओतलं, ठिबक सुरू केली. वीस मिनिटांत त्याचे कल्ले भात्यासारखे हलायला लागले. मला वाटलं पाणी मानवत नाहीये, म्हणून मी थेंब आणखी हळू केला. तो आणखी धापा टाकायला लागला, मी आणखी हळू केला. साडेतीन तास मी त्या स्टुलाशेजारी पाटावर बसून होतो. रात्री दहाला त्याला टाकीत सोडला, पहाटे तो आडवा. सौ. म्हणाली, ‘तुम्ही त्याला सलाईन लावलंत की सुळावर दिलंत?’ मी दुकानदाराला शिव्या घातल्या, चेन्नईला घातल्या, विमान कंपनीला घातल्या. पाटावर बसलेल्या माणसाला शिव्या घालायचं सुचायला दोन वर्षं गेली.

काय झालं होतं? एकतीस वर्षं ज्याचा पीएच रोज मोजला त्या दुधानं मला हे आधीच शिकवायला हवं होतं. मासा पिशवीत तीस तास होता. श्वास सोडतोय, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतोय, पाणी आंबट होतंय. कल्ल्यांतून अमोनियाही बाहेर टाकतोय. पण आंबट पाण्यात त्या अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियम होऊन बसतो, आणि अमोनियम माशाला फारसं बाधत नाही. म्हणजे मासा स्वतःच्याच घाणीत, पण घाणीचे दात पाडलेले. शिवाय कार्बन डायऑक्साइडची थोडी गुंगी. मग आपण गाठ सोडतो. गोटी सोड्याची बाटली फोडून ठेवली की वायू उडून जातो आणि सोडा मचूळ होतो ना, तसंच. वायू गेला, आंबटपणा गेला. वर आपण टाकीतलं ८.२ पीएचचं पाणी थेंब थेंब सोडतोय. पीएच एका अंकानं चढला की अमोनियाचा विषारी हिस्सा साधारण दसपट होतो. नंतर मी अशा लांबच्या पिशव्यांचं पाणी मोजत गेलो, एकदा ६.८ आलं. ६.८ वरून ८.२ म्हणजे पंचवीस पटीच्या आसपास! दात परत बसले, तेही कवळी नव्हे, खरे. आणि आपण माशाला त्यातच तीन तास बसवून ठेवतो, प्रेमानं.

नाही, प्रश्न शेवटी घेऊ. हां, कोळंबीचं विचारताय? कोळंबी, तारामासा यांचं वेगळं. त्यांच्या अंगातला खारेपणा बाहेरच्या पाण्याबरोबर खालीवर होतो, त्यांना बदल हळूच लागतो. त्यांना ठिबक जरूर लावा. पण तांब्याचं औषध घातलेल्या टाकीत त्यांना सोडू नका, मरतील. तो दुसरा विषय.

तर मला सांगायचं होतं ते हे: ‘जुळवून घेणं’ म्हटलं की आपण धरूनच चालतो की नव्यानं आलेल्यानं जुळवून घ्यायचं. सुनेच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं. अहो, टाकी तुमच्या घरी आहे, रिकामी आहे, तिला काहीही दुखत नाही. टाकीला जुळवून घेऊ द्या ना! मासा येण्याआधी विलगीकरणाच्या टाकीतलं मीठ पिशवीतल्या पाण्याइतकं करून ठेवा, की मासा थेट सोडता येतो. संपलं.

पिशवीतलं मीठ किती हे कसं कळणार? दुकानदाराला विचारलं तर तो ‘एकदम परफेक्ट सर’ म्हणतो. परफेक्ट हे एकक मी कुठल्याही उपकरणावर पाहिलेलं नाही. मीठ आपण पाण्याच्या जडपणावरून मोजतो, गोडं पाणी १ धरून. बरेच दुकानदार पाणी १.०१८ ते १.०२० वर ठेवतात, मीठ वाचतं आणि परोपजीवींचा जोरही जरा कमी राहतो. आपली मोठी टाकी १.०२५ वर असते. खिशात रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे एका थेंबावरून मीठ सांगणारी दुर्बिणीसारखी नळी, घेऊन जा आणि दुकानातच एक थेंब बघा. तो काट्याचा प्लॅस्टिकचा डबा मिळतो ना, त्यावर विसंबू नका. काट्याला बुडबुडा चिकटला की काटा वर जातो आणि पाणी आहे त्याहून खारट दाखवतो. दुधात असला डबा वापरला असता तर अर्धी मुंबई पाणी प्यायली असती. म्हणजे, पितेच आहे, पण...

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ बघा, मूळ विषय आत्ताच सुरू होत होता.

बरं, भराभर सांगतो, लिहून घ्या. टाकी साठ-सत्तर लिटरची पुरे. वाळू नको, जिवंत खडक, म्हणजे जिवाणू वसलेला समुद्रातला दगड, तोही नको, दोन्ही औषध शोषतात. स्पंज फिल्टर महिनाभर आधी मोठ्या टाकीच्या संपमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, ठेवून मुरवा, म्हणजे त्यात जिवाणू बसतात. आयत्या वेळी नवाकोरा स्पंज टाकलात तर पिशवीतल्या अमोनियातून सोडवलेला मासा टाकीतल्या अमोनियात. हीटर, एअर पंप, झाकण. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो.

मासा लांबून येणार असेल तर टाकी १.०२० ला ठेवा आणि शेजारी बादलीत खारट पाणी तयार ठेवा. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, तापमान सारखं होतं. खोलीतला दिवा बंद. मग गाठ सोडा, एक थेंब मोजा. टाकी जरा कमी खारट असली तर चालतं, मासा तिकडे सहज उतरतो. उलट दिशेला जपायचं. कैरीला मीठ लावलं की ती पाणी सोडते ना, समुद्रातला मासा जन्मभर तशी मीठ लावलेली कैरी असतो. समुद्र त्याच्यातलं पाणी ओढतो, तो समुद्र पितो आणि मीठ कल्ल्यांवाटे बाहेर फेकतो. मीठ एकदम वाढवलं तर त्या यंत्रणेला दिवस लागतात. पिशवीच टाकीपेक्षा जास्त खारट निघाली आणि फरक मोठा असला, तरी आधी बादलीतलं पाणी टाकीत घालून जवळ आणा, मग मासा सोडा, पण हे सगळं गाठ सोडल्यापासून पाच-दहा मिनिटांत. पुढे १.०२५ ला न्यायचं ते रोज ०.००१-०.००२ नं, आठवड्याभरात. दुकान कोपऱ्यावर असेल आणि पिशवी तासाभराची असेल तर एवढी धावपळ नको, अमोनिया तितका साठलेला नसतो. मीठ जुळवा आणि सोडा.

जाळं शक्यतो नको. टँगच्या शेपटीजवळ वस्तऱ्यासारखा काटा असतो, एंजल माशाच्या गालाला असतो, अडकतात. प्लॅस्टिकच्या डब्याला भोकं पाडा, त्यातून पाणी गाळून मासा सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत, एक थेंब टाकीत नाही. पहिल्या दिवशी खायला घालायचा आग्रह नको, पाहुणा नाही तो.

औषध, मासा खायला लागल्यावर. पांढऱ्या ठिपक्यांचा तो परोपजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या अंगावर थोडे दिवस असतो, मग गळून तळाला कोष करतो, कोषातून पोरं निघतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो. तांबं फक्त या पोहणाऱ्या पोरांना मारतं. अंगावरच्यांना नाही, कोषातल्यांना नाही. म्हणून ठिपके गेले म्हणजे आजार गेला असं नाही, ते फक्त खाली उतरलेत. चीलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेलं, तांबं असेल तर लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवत, आणि मग तीस दिवस. रोज मोजून. तांब्याच्या लोट्यातलं पाणी प्यायची सवय असणाऱ्यांनी अंदाजानं टाकू नये. क्लोरीन घालवायच्या काही द्रावणांशी तांब्याचं पटत नाही, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. मोठ्या टाकीत आजार आधीच शिरला असेल तर सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने माशाविना ठेवायची. हो, अडीच महिने. घरचे विचारतील, रिकाम्या टाकीत दिवा कशाला? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दोन टाक्यांना दोन जाळी, दोन मग. एका टाकीतला ओला हात दुसरीत नाही.

दुसरी चिठ्ठी. ‘चहा निवतोय.’ ठीक. वेल्व्हेट नावाच्या दुसऱ्या आजाराबद्दल बोलायचं राहिलं, ते ठिपक्यांच्या कितीतरी आधी मारतं, पुढच्या वेळी बोलू. मागे खुर्चीवर पिशवी आहे, त्यात पाऊण इंची एल्बो आहेत, पस्तीस-चाळीस असतील. प्लंबरकडून उरलेले आणलेत. प्रत्येकी दोनच घ्या, आणि टाकीत टाकण्याआधी आतला सोल्युशनचा डाग खरवडून काढा.