कन्फेशनची जाळी

ही जाळी नीट बघा. 16 व्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरना आपली पापं सांगून क्षमा मागण्याच्या, लाकडी पेटीला ती बसवायला लावली. आजच्या कॅथलिक धर्मकायद्याच्या 964 व्या कलमातही पक्क्या जाळीची पेटी हवीच, आणि तीही सर्वांना दिसेल अशा जागी. समोरासमोर बसून सांगणारे सांगोत; ज्याला तोंड लपवायचंय, त्याला जाळी मागण्याचा हक्क आहे. लैंगिक पापं सांगताना हा हक्क फार मोलाचा.

फादरच्या गळ्यात जांभळा स्टोल, म्हणजे लांब पट्टा. क्रुसाची खूण. आता सांगायचं काय? गाडी अडते ती इथेच. कुणी ‘वाईट विचार आले’ एवढ्यावर भागवतो, कुणी अख्खी हकीकत सांगत बसतो. दोन्ही नको. गंभीर पापाचा प्रकार सांगायचा आणि ते किती वेळा घडलं ते. आकडा आठवत नसेल तर ‘वर्षभर, महिन्यातून साधारण दोनदा’ एवढं पुरतं. पापाचा प्रकारच बदलतो अशी बाब मात्र लपवायची नाही: संबंध ठेवणाऱ्या दोघांतलं एक जरी विवाहित असेल, तर तो व्यभिचार ठरतो. दुसऱ्या व्यक्तीचं नाव घ्यायचं नाही. ते विचारायला 979 वं कलम फादरनाही मनाई करतं.

पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि स्वतःची संमती. मनात नकळत उठलेली वासना म्हणजे पाप नव्हे; तिला मुद्दाम थारा दिला की पाप सुरू होतं. आणि जिच्यावर बळजबरी झाली, तिची संमतीच नव्हती. तिच्या माथी पाप नाही. हे फादरनी तिला स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवं.

लाजेपोटी गंभीर पाप जाणूनबुजून दडवलं, तर सगळं निवेदन फुकट. विसरलं असेल तर त्याचीही क्षमा झाली. आठवेल तेव्हा पुढच्या खेपेला सांगायचं. पुन्हा न करण्याचा निर्धार लागतो, पुन्हा कधीच पडणार नाही याची हमी नव्हे. हा फरक न कळल्यापायी कितीतरी जण उगाच वर्षानुवर्षं दूर राहतात.

फादरचा हात वर उचलला जातो. ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो.’

फादरच त्या लैंगिक पापातले भागीदार असतील, तर मरणाची घटका सोडून ही पापमुक्ती रद्दबातल. पेटीत ऐकलेलं फादरनी थेट उघड केलं, तर त्यांच्यावर चर्चचा बहिष्कार.

पेटीचं दार उघडतं. प्रायश्चित्त म्हणून सांगितलेल्या प्रार्थना इथेच, बाकावर गुडघे टेकून म्हणून टाकाव्यात. घरी नेल्या की राहून जातात.